मातीचा सामू, उसावरची कीड आणि एक घाईचे अनुमान

राहू परिसरातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनासाठी परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो. दौंड तालुक्यातले राहू आणि भोवतालची गावे मिळून या भागाला राहू बेट म्हणतात. एका बाजूला मुळा-मुठा, दुसऱ्या बाजूला भीमा आणि भीमेपलीकडे शिरूर तालुका. खाली रांजणगाव सांडसजवळ दोन्ही नद्यांचा संगम होतो. काळी, खोल माती, बारमाही पाणी, जिकडेतिकडे ऊस आणि मध्येमध्ये धुराडे दाखवणारी गुऱ्हाळे. अशा गावातल्या मुलांनी माती आणि ऊस हा विषय निवडला नसता तरच नवल.

नववीतल्या एका मुलीने ‘आम्ल माती आणि कीड’ असा प्रकल्प मांडला होता. दोन कुंड्यांत चवळीची रोपे होती. एका कुंडीला रोज साधे पाणी, दुसऱ्या कुंडीला पाण्याबरोबर रोज दोन चमचे व्हिनेगर. वीस दिवसांनी दुसऱ्या कुंडीतले रोप पिवळे पडून मलूल झाले होते आणि त्याच्या शेंड्यावर काळा मावा होता. पहिले रोप हिरवेगार. तक्त्यावर सुवाच्य अक्षरांत तीन वाक्ये लिहिली होती: रासायनिक खतांमुळे जमीन आम्ल होते. आम्ल जमिनीत पीक कमजोर होते. कमजोर पिकावर कीड पडते. मुलगी न अडखळता बोलली, नोंदवही नीटनेटकी होती. आम्ही पहिला क्रमांक दिला.

बक्षीस घेऊन ती उतरली तेव्हा तिचे आजोबा आमच्याजवळ आले. म्हणाले, “गुरुजी, गुऱ्हाळात रस आंबट असतो म्हणून आम्ही चुना टाकतो. नात म्हणती रान आंबट झालंय. ऊस पिवळा पडलाय, कीडबी आहे. मग रानात चुना टाकावा का? एकरी किती टाकावा?”

प्रश्न अगदी सरळ होता. उसाचा रस मुळात आम्लधर्मी असतो आणि गूळ चांगला बसावा म्हणून त्यात चुन्याची निवळी घालतात, हे या भागातल्या कोणालाही सांगावे लागत नाही. तक्त्यावरची तीन वाक्ये खरी असतील तर चौथे वाक्य आजोबांनी काढले तेच निघते. आम्ही मात्र “आधी माती तपासून घ्या” एवढेच पुटपुटलो. ज्या प्रकल्पाला आपण पहिला क्रमांक दिला, त्यातून निघणारा सल्ला द्यायला आपली जीभ का अडखळली, याचा विचार परतीच्या एसटीत सुरू झाला. हा लेख म्हणजे त्या प्रकल्पाचे, आणि खरे म्हणजे आमच्या परीक्षणाचे, पुन्हा केलेले परीक्षण आहे. तक्त्यावरची ती तीन वाक्ये मुलीची एकटीची नव्हेत. भाषणांत, भित्तिपत्रकांत आणि निबंधांत ती सतत भेटतात, म्हणून त्यांची तपासणी करणे आवश्यक वाटते.

नोंदवहीतील एक ओळ

मुलीची नोंदवही आम्ही वाचायला म्हणून मागून आणली होती. पहिल्या दिवसाच्या नोंदीत एक ओळ होती: ‘व्हिनेगर टाकल्यावर मातीला फेस आला.’ प्रदर्शनात ही ओळ कोणी वाचली नाही. आम्हीही नाही. साऱ्या प्रकल्पातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण तेच होते.

मातीवर आम्ल टाकले आणि फेस आला, याचा अर्थ कर्बद्विप्राणील म्हणजे कार्बन डायऑक्साइड वायू सुटला. तो सुटतो मातीतल्या चुनखडीतून, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटमधून. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या काळ्या मातीत ही चुनखडी पुष्कळदा असते. नांगरताना वर येणारे पांढरे खडे तिचेच, आणि जिथे खडे दिसत नाहीत तिथेही ती बारीक भुकटीच्या रूपात असू शकते. पाऊस कमी असला की ती धुपून जात नाही. दौंड भागात वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो.

आता थोडा हिशेब करू. कुंडीत दोन किलो माती आहे आणि तिच्यात ५ टक्के चुनखडी आहे असे धरू. म्हणजे १०० ग्रॅम चुनखडी. बाजारातल्या व्हिनेगरमध्ये साधारण ५ टक्के अॅसेटिक आम्ल असते. १०० ग्रॅम चुनखडी संपवायला १२० ग्रॅम अॅसेटिक आम्ल लागते, म्हणजे जवळजवळ २.४ लिटर व्हिनेगर. मुलीने रोज दोन चमचे, म्हणजे साधारण १० मिलिलिटर, वीस दिवस घातले. एकूण २०० मिलिलिटर. त्यातून संपली असेल जेमतेम ८ ग्रॅम चुनखडी. उरलेली ९२ ग्रॅम कुंडीतच होती.

म्हणजे प्रकल्पाच्या नावातली ‘आम्ल माती’ त्या कुंडीत तयारच झाली नव्हती! चुनखडी शिल्लक आहे तोवर माती आम्ल राहू शकत नाही. मग रोप का मलूल झाले? कारणे अनेक असू शकतात. चुनखडीशी गाठ पडण्याआधीच आम्लाचा मुळांना चटका बसला असेल. आम्ल आणि चुनखडी यांच्या संयोगातून बनलेल्या क्षारामुळे मुळांना पाणी घेणे जड गेले असेल. दुसऱ्या कुंडीला व्हिनेगरमुळे एकूण द्रव जास्त मिळाला, तेव्हा कदाचित पाणीही जास्त झाले असेल. यांपैकी कोणते, हे त्या प्रयोगातून सांगता येत नाही. कारण कुंडीतील मातीचा सामू एकदाही मोजलेला नव्हता.

आणि मावा? चवळीवरच्या माव्याची एक गंमत शिक्षकांनी मुलांना जरूर सांगावी. पंख असलेली एकच मादी उडत येऊन शेंड्यावर बसली तरी पुरे. नराशिवाय ती थेट पिलांना जन्म देते आणि आठवडा-दहा दिवसांत तीच पिले माद्या होऊन स्वतः पिले देऊ लागतात. दोनच कुंड्या असताना ती मादी कोणत्या कुंडीवर उतरली, हा नाणेफेकीसारखा प्रकार आहे. एका रोपावर मावा आणि एकावर नाही, यावरून मातीबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

पहिले वाक्य: खतांमुळे जमीन आम्ल होते

हे वाक्य खोटे नाही. ते कुठे खरे, हे सांगितलेले नाही, एवढेच. युरिया किंवा अमोनियम सल्फेट जमिनीत पडले की त्यातील अमोनियाचे रूपांतर जिवाणू नायट्रेटमध्ये करतात आणि या क्रियेत आम्लता निर्माण होते. हे रसायनशास्त्र राहूलाही लागू आहे आणि रत्नागिरीलाही. फरक पडतो तो पुढे. ही आम्लता शोषून घ्यायला जमिनीत काय शिल्लक आहे?

याचाही हिशेब करता येतो. युरियातून दिलेल्या १ किलो नत्रामुळे होणारी आम्लता मारायला साधारण १.८ किलो चुनखडी लागते, असा रूढ आडाखा आहे. सारे नत्र नायट्रेट होऊन धुपून गेले असे अगदी टोकाचे धरले, तर ३.६ किलोच्या आसपास. आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस असते. आडसाली ऊस शेतात दीड वर्ष असतो, पण आपण दर वर्षी ४०० किलो धरू आणि सगळे युरियातूनच धरू. मग वर्षाला ७२० किलो, टोकाच्या हिशेबाने १,४४० किलो चुनखडी खर्ची पडेल.

एक हेक्टर जमिनीच्या वरच्या १५ सेंटिमीटर थरात साधारण २० लाख किलो माती असते. तिच्यात ५ टक्के चुनखडी म्हणजे १ लाख किलो. रूढ हिशेबाने ती संपायला सुमारे १३९ वर्षे लागतील. टोकाच्या हिशेबाने ६९ वर्षे. आणि हा फक्त वरचा थर झाला. खालच्या थरात चुनखडी पुष्कळदा अधिकच असते आणि विहिरीचे जड पाणी दर पाळीला नवीन चुना आणून टाकते, तो वेगळा.

कोणी म्हणेल, ५ टक्के हा आकडा तुम्हीच धरलात. बरोबर. ज्या शेतात चुनखडी अर्धा टक्काच आहे तिथे हिशेब दसपट आखडेल. म्हणूनच सरसकट वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या शेताचा आकडा काढायला हवा. एवढे मात्र खरे की, मातीवर लिंबू पिळल्यावर फेस येतो त्या रानाबद्दल ‘खतांनी आम्ल झाले’ असे आज म्हणता येणार नाही.

मग हे वाक्य कुठे खरे आहे? घाट उतरून कोकणात जा. तिथे ३,००० मिलिमीटर पाऊस हजारो वर्षे चुना, मॅग्नेशियम आणि पालाश धुऊन समुद्रात नेत आला आहे. मागे उरलेली जांभ्याची माती सामान्यतः आम्लधर्मी असते. तिचा सामू बहुधा ५ ते ६.५ च्या दरम्यान येतो. चुनखडीचा साठा नसल्याने तिथे आम्लता वाढवणाऱ्या खताचा परिणाम लवकर दिसतो. फार आम्ल जमिनीत अॅल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुंटवते आणि स्फुरद लोह-अॅल्युमिनियमला चिकटून पिकाला मिळेनासे होते. अशा जमिनीला चुना देणे हा शास्त्रशुद्ध उपाय आहे.

याचे जुने उदाहरण इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड येथील आहे. तिथे ‘पार्क ग्रास’ नावाचा गवताच्या कुरणावरील प्रयोग १८५६ साली सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. ज्या पट्ट्यांना वर्षानुवर्षे अमोनियम सल्फेट मिळाले आणि चुना मिळाला नाही, तिथली माती तीव्र आम्ल झाली. सामू ४ च्याही खाली गेला. गवताच्या व रानफुलांच्या अनेक जातींऐवजी दोन-चार जातीच उरल्या, गांडुळे नाहीशी झाली. शेजारच्या पट्ट्यांना नत्र सोडियम नायट्रेटमधून मिळाले. तिथे असे झाले नाही. म्हणजे ‘रासायनिक खत’ हा शब्दही पुरेसा नाही. कोणते खत, कोणत्या मातीत, किती वर्षे, हे तिन्ही सांगावे लागते.

दुसरे वाक्य: आम्ल जमिनीत पीक कमजोर होते

कोणते पीक? चहाला ४.५ ते ५.५ सामूची माती मानवते. काजू कोकणातल्या आम्ल जांभ्यावर मजेत वाढतो. भाताची तर आणखी मजा आहे. खाचरात पाणी साचून राहिले की प्राणवायू संपतो आणि आम्ल मातीचा सामू काही आठवड्यांत आपोआप उदासीनतेकडे, म्हणजे ७ कडे, सरकतो. कोरड्या नमुन्याचा सामू ५.५ आला म्हणून उभ्या भाताच्या मुळांनाही तो ५.५ च जाणवतो असे नाही. उलट राहूच्या मातीत पिकाचे दुखणे येते ते बहुतेक वेळा दुसऱ्या टोकाने, सामू ८ च्या पुढे गेल्यामुळे. त्याकडे पुढे येऊच.

तिसरे वाक्य: कमजोर पिकावर कीड पडते

तिन्ही वाक्यांत हे सर्वांत लोकप्रिय आहे. माणूस अशक्त झाला की आजार जडतो, तसेच पिकाचे असणार, हे मनाला पटते. फ्रान्समधील संशोधक फ्रान्सिस शाबूसू यांनी १९८५ च्या आपल्या पुस्तकात असाच सिद्धान्त मांडला. झाडाचे पोषण बिघडले की त्याच्या रसात सुटी अमिनो आम्ले व साखर साचते, आणि किडीला तेच आयते अन्न मिळते, असे त्यांचे म्हणणे होते. सेंद्रिय शेतीच्या चळवळीत हा विचार फार प्रिय झाला.

त्याआधी, १९६९ साली, टी. सी. आर. व्हाइट यांनी ऑस्ट्रेलियातील निलगिरीच्या झाडांवरील रसशोषक किडींच्या अभ्यासातून मिळताजुळता मुद्दा पुढे आणला होता: पाण्याच्या ताणाखालील झाडात किडीला उपयोगी नत्र वाढते. पण १९९१ साली अमेरिकेतील पीटर प्राइस यांनी नेमकी उलटी बाजू मांडली. कित्येक किडींना जोमाने वाढणारे, रसरशीत झाड किंवा फांदीच पसंत पडते. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत, कारण किडी अनेक प्रकारच्या आहेत. पाने खाणारी, खोड पोखरणारी, रस शोषणारी आणि मुळे कुरतडणारी कीड यांच्या गरजा सारख्या नसतात.

शेतकऱ्याचा अनुभवही प्राइस यांच्या बाजूला पुष्कळदा झुकतो. युरियाचा जादा हात पडला की पीक काळेभोर हिरवे, लुसलुशीत होते आणि मावा-तुडतुडे तिथेच आधी येतात. त्या पिकाला बघून कोणी ‘कमजोर’ म्हणणार नाही.

मातीचा सामू आणि कीड यांचा संबंध अजिबात नाही, असे आम्हांला म्हणायचे नाही. पण तो बहुतेक वेळा सरळ नसून वळणावळणाचा असतो. सामूमुळे अन्नद्रव्यांची उपलब्धता बदलते, त्यामुळे पानातील रसाचे घटक बदलतात आणि मग एखादी कीड वाढते किंवा घटते. प्रत्येक वळणावर पाणी, हवामान, पिकाची जात आणि मित्रकीटक हेही असतातच. मातीतून होणाऱ्या काही रोगांच्या बाबतीत संबंध अधिक पक्का आहे. कोबीवर्गातील मुळांच्या गाठींचा रोग आम्ल जमिनीत बळावतो आणि चुना दिल्यावर कमी होतो. बटाट्याची खपली मात्र उलट वागते, चुना दिल्यावर ती वाढते. गोंधळ होतो तो इथे. रोगांचा पुरावा कीटकांना चिकटवला जातो.

लोकरी माव्याची साक्ष

उसाच्या पट्ट्यातले शिक्षक एक उदाहरण सहज देऊ शकतात. २००२ साली सांगली भागात उसावर लोकरी मावा मोठ्या प्रमाणावर दिसला आणि पाहता पाहता राज्यभर पसरला. पानांच्या खालच्या बाजूला कापसासारखा पांढरा थर, त्याच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी काजळी, आणि हवालदिल झालेला शेतकरी. ही दृश्ये त्या पिढीला आठवतात.

आता विचारू या. २००१ आणि २००२ या दोन वर्षांत मातीचा सामू बदलला होता काय? सामू असा एका वर्षात हजारो गावांत बदलत नाही. जे कारण बदलले नाही, त्याने अचानक झालेला बदल समजावून देता येत नाही. हे तर्काचे साधे सूत्र आहे आणि नववीच्या मुलांना ते नक्की समजते. बदलले होते ते वेगळेच. ईशान्य भारतात आणि बंगालमध्ये आधीपासून माहीत असलेली ही कीड इथे नवीन होती आणि तिला खाणारे शत्रू इथल्या फडात पुरेसे नव्हते. पुढे डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकीटक वाढले, मुद्दाम वाढवून सोडलेही गेले, आणि माव्याचा जोर ओसरला. तेव्हाही मातीचा सामू बदललेला नव्हता.

हुमणीचेही तसेच. ही अळी मातीतच राहते, उसाची मुळे खाते. तेव्हा मातीशी तिचा संबंध असणारच. पण तो सामूपेक्षा ओलाव्याशी आणि भुंगेऱ्यांच्या खाद्यझाडांशी अधिक आहे. वळवाचा पाऊस झाला की मे-जूनमध्ये संध्याकाळी भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात, पाला खातात आणि परत मातीत अंडी घालतात. म्हणून त्या चार-आठ दिवसांत सगळ्या गावाने मिळून झाडे हलवून भुंगेरे गोळा करणे, हा खात्रीचा उपाय ठरतो. चुना टाकून हुमणी जाईल म्हणून थांबलेल्या शेतकऱ्याचे हे मोजके दिवस वाया जातात आणि मग वर्षभर हाती काही राहत नाही.

राहूचे खरे दुखणे

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो, या वेळी आजोबांच्या रानात. नात आणि तिचे विज्ञानाचे सर बरोबर होते. ऊस पिवळा होता खरा. पण नीट पाहिल्यावर दिसले की खालची जुनी पाने हिरवी होती आणि वरची कोवळी पाने पिवळी-पांढरी. शिरा हिरव्या, मधला भाग फिका. नत्र कमी पडले असते तर जुनी पाने आधी पिवळी झाली असती, कारण झाड जुन्या पानातले नत्र काढून नव्याला देते. लोह तसे हलवता येत नाही, म्हणून ते कमी पडले की कोवळ्या पानावर दिसते. यालाच या भागात ऊस केवड्याने पिवळा पडला म्हणतात.

गंमत म्हणजे बेसॉल्टपासून बनलेल्या मातीत लोहाची वाण नसते. पण सामू एकाने वाढला की मातीतील फेरिक लोहाची विद्राव्यता हजारपटीने घटते. घरात धान्याची कणगी भरलेली, पण कुलपाची किल्ली हरवलेली, असा हा प्रकार. अशा रानात चुना टाकणे म्हणजे कुलपावर आणखी एक कुलूप लावणे. लोहाबरोबर जस्त आणि स्फुरदही अडकतात. आणि पिवळेपणा पाहून युरियाचा हात वाढवला, तर खर्च वाढतो, केवडा हटत नाही आणि रसशोषक किडीला आमंत्रण जाते. उपाय असतो तो हिराकसाचा. हिराकस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून जमिनीतून द्यायचे किंवा अर्धा ते एक टक्का द्रावण पानांवर फवारायचे.

त्याहून मोठे दुखणे क्षारांचे. भरपूर पाणी, निचरा कमी, आणि वर तापणारे ऊन यांमुळे खालचे क्षार पाण्याबरोबर वर येतात आणि रानाला मीठ फुटते. शेजारच्या नीरा खोऱ्यात कालवा आल्यानंतर हेच झाले आणि १९१० सालीच हॅरल्ड मान व त्यांच्या सहकाऱ्याने तिथल्या खारवट जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. खडकवासल्याची आजची केंद्रीय जल व विद्युत संशोधन संस्था १९१६ मध्ये सुरू झाली तीही मुंबई इलाख्यातील सिंचनाच्या प्रश्नांसाठीच. म्हणजे या मुलखाच्या मातीचा प्रश्न शंभर वर्षे लिहून ठेवलेला आहे आणि तो आम्लतेचा नाही. त्यात मुळा-मुठेतून येणारे पुणे शहराचे सांडपाणी आपल्याबरोबर क्षारही आणते आणि नत्रही. ज्या पाण्यातून नत्र येतेच, त्या रानाला पुस्तकातला पूर्ण हप्ता द्यावा का, हा प्रश्न राहू बेटातल्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा आहे.

पत्रिकेत काय असते आणि काय नसते

आजोबांकडे मृदा आरोग्य पत्रिका होती. २०१५ साली सुरू झालेल्या या योजनेतील पत्रिकेत बारा बाबी असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, विद्युत वाहकता आणि सेंद्रिय कर्ब. सामूच्या रकान्यात ८ च्या वरचा आकडा स्पष्ट छापलेला होता. तो घरात होता आणि तक्ता शाळेत होता. दोघांची गाठ पडली नाही.

या पत्रिकेचे मोल मान्य करूनही दोन त्रुटी सांगाव्या लागतात. पहिली, त्या बारा बाबींत मुक्त चुनखडी नाही. दख्खनच्या मातीत सामू ८.२ कशामुळे आहे, चुनखडीमुळे की सोडियममुळे, हे कळल्याशिवाय उपाय ठरत नाही. ढोबळ खूण अशी की, नुसत्या चुनखडीच्या मातीचा सामू ८.२ ते ८.४ च्या आसपास थबकतो. तो ८.५ च्या वर गेला तर सोडियमचा, म्हणजे चोपण जमिनीचा, संशय घ्यावा. चोपण जमिनीला जिप्सम आणि निचरा लागतो, चुना नव्हे. दुसरी त्रुटी नमुन्याची. बागायतीत अडीच हेक्टरच्या चौकटीमागे एक नमुना घेतला जातो. त्या चौकटीत चार जणांची रानेही असू शकतात, एक नदीकाठचे, एक माळाचे. म्हणून पत्रिका ही सुरुवात समजावी, निकाल नव्हे.

प्रयोग पुन्हा कसा मांडता येईल

टीका करून थांबणे शिक्षकाला परवडत नाही. तेव्हा त्या मुलीशी आणि सरांशी बसून ठरवलेली रूपरेषा देतो.

एक, गावातल्या दहा-बारा रानांतून माती आणावी. नदीकाठ, मळई, माळ, मीठ फुटलेले रान, असे नमुने वेगवेगळे असावेत. प्रत्येकावर लिंबाचा रस टाकून फेस किती येतो त्याची शून्य ते तीन अशी नोंद करावी.

दोन, एक भाग माती आणि अडीच भाग पावसाचे किंवा ऊर्ध्वपातित पाणी ढवळून अर्ध्या तासाने गाळावे. गाळलेल्या पाण्यात सामूचा कागद बुडवून पाहावा. हळदीचा कागदही वापरावा, पण त्याची मर्यादा सांगून. तो ठळक लाल होतो ते सामू ८.५ च्या आसपास गेल्यावर. तो पिवळा राहिला म्हणून माती आम्ल ठरत नाही. लाल झाला तर मात्र चोपणाचा संशय घ्यायला जागा आहे.

तीन, त्याच रानांतल्या उसाची पाने पाहावीत. पिवळेपणा कोवळ्या पानावर आहे की जुन्या, याची नोंद करावी. प्रत्येक रानात वेगवेगळ्या ठिकाणच्या वीस-वीस पानांवरची कीड आणि तिच्याबरोबर मित्रकीटकही मोजावेत. शेतकऱ्याला विचारून युरियाच्या पोत्यांची संख्या लिहावी.

चार, मग तक्ता करावा आणि पाहावे, कीड सामूबरोबर वाढते, युरियाबरोबर वाढते की कशाबरोबरच नाही. बारा रानांवरून सिद्धान्त निघणार नाही. पण प्रश्न नीट विचारला जाईल.

कुंडीचाच प्रयोग करायचा तर प्रत्येक प्रकारच्या किमान पाच-सहा कुंड्या असाव्यात, सगळ्यांना द्रव सारखाच मिळावा, कुंड्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात आणि मातीचा सामू दर आठवड्याला मोजावा.

त्या दिवशी रानात आजोबांनी बांधावरचे एक ढेकूळ उचलले, फोडले आणि नातीने त्यावर लिंबू पिळले. बारीक चरचर आवाज करत फेस आला. आजोबा पाहत राहिले आणि म्हणाले, “म्हंजे चुना हितं आधीच पडलाय म्हना की.” चुन्याची पोती आणण्याचा बेत तिथेच रद्द झाला. आता हिराकस आधी चार सऱ्यांना देऊन बघायचे आणि शेजारच्या चार सऱ्या तशाच ठेवायच्या, असे आजोबांनीच ठरवले. तुलनेसाठी काही भाग तसाच सोडायचा, हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

त्या प्रकल्पाचा पहिला क्रमांक आम्ही परत घेतलेला नाही. तो तक्त्यावरच्या तीन वाक्यांसाठी द्यायला नको होता, हे मुलीला मोकळेपणाने सांगितले. फेसाची ती एक ओळ तिने पाहिली तशी लिहिली, त्यासाठी तो तिच्याकडे राहावा. आमच्यासाठी मात्र एक नियम झाला. यापुढे प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो की तक्ता वाचण्याआधी नोंदवही वाचायची.